जंतांचे इंजेक्शन : वजन, सुई आणि दूध

आपल्या शाळेच्या परिवारातील अनेकांची घरे माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि जत या कमी पावसाच्या तालुक्यांत आहेत. तेथे शेळी-मेंढी ही घराची चालती-बोलती ठेव असते. या ठेवीला पोटातील जंत आणि अंगावरील उवा-खरूज आतून पोखरतात. त्यावर आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन आता गावोगावी परिचित झाले आहे. एका टोचणीत आतले गोलकृमीही जातात आणि कातडीवरील खरजेचे किडेही. गोचिडांवर मात्र त्याचा परिणाम तुलनेने कमी. औषध इतके सोपे असल्यामुळेच ते फार सैलपणे वापरले जाते.

हे औषध ज्या जिवाणूपासून निघाले तो जपानमधील कवाना येथील मातीत सातोशी ओमुरा यांना सापडला. विल्यम कॅम्बेल यांनी अमेरिकेत त्यावर पुढील संशोधन केले. १९८१ पासून ते जनावरांसाठी वापरात आले आणि २०१५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मात्रा ठरते ती वजनावर. दर किलो वजनास २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक टक्का द्रावण असेल तर ५० किलोस १ मिली. यावरून २५ किलोच्या मेंढीला केवळ अर्धा मिली लागतो. दहा मिलीच्या मोठ्या सिरिंजने अंदाजे टोचले आणि हात अर्ध्या मिलीने पुढे गेला, तर मात्रा दुप्पट होते. कमी पडली तर त्याहून वाईट. जंतांतील चिवट तेवढे जगतात, त्यांचीच पिलावळ वाढते आणि काही वर्षांत औषध निष्प्रभ ठरते. म्हणून कळपासाठी एक किंवा दोन मिलीची सिरिंज आणि लटकता काटा हाच खरा खर्च आहे. तो औषधाच्या मानाने काहीच नाही.

गाय-बैल काट्यावर चढवणे कठीण. त्यासाठी टेप पुरतो. पुढच्या पायांमागील छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराचा वर्ग करून त्यास लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. उत्तर किलोत येते. घेर ६६ आणि लांबी ५४ असलेल्या गाईचे वजन सुमारे ३५६ किलो भरते, म्हणजे मात्रा सुमारे ७ मिली. हा अंदाजच आहे, पण नजरेपेक्षा खूप बरा.

हे औषध कातडीखाली द्यायचे असते, स्नायूत किंवा शिरेत नव्हे. खांद्याजवळची सैल कातडी चिमटीत उचलावी, तिच्या बुडाशी सुई तिरपी घालावी, दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही याची खात्री करावी आणि मग हळू सोडावे. औषध झोंबते, त्यामुळे जनावर उसळते. धरणारा माणूस सोबत हवा. चिखलाने भरलेल्या ओल्या अंगावर टोचू नये. बाटलीच्या बुचात एक स्वच्छ सुई वेगळी ठेवून तिनेच औषध ओढावे. वापरलेली सुई बाटलीत बुडवली की सारी बाटली दूषित होते. प्रत्येक जनावरास नवी सुई घ्यावी, कारण ॲनाप्लाझ्मासारखे रक्तातील रोग सुईवरून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. गोचीड तापाचे ब्युपारव्हाकोन मात्र मानेच्या स्नायूत देतात. बाटल्या शेजारी ठेवल्या तर लेबल वाचूनच हात घालावा. उरलेले औषध कळपाच्या कुत्र्याला देण्याची पद्धत थांबली पाहिजे. कोली जातीच्या कुत्र्यांना जनावरांची मात्रा मारक ठरू शकते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पावसाळा सरल्यावर आपले कळप चाऱ्यासाठी कृष्णाकाठच्या बागायतीकडे उतरतात. पाटाच्या कडेला, पाणथळ जागी गोगलगायी असतात आणि त्यांच्यामार्फत यकृतकृमी मेंढीत शिरतो. जबड्याखाली पाणी साचून सूज येते. रक्त शोषणाऱ्या गोलकृमीनेही हीच सूज येते. बाहेरून फरक कळत नाही, आणि आयव्हरमेक्टिन यकृतकृमीला काहीच करत नाही. मेंढपाळ टोचतो, निर्धास्त होतो, मेंढी मात्र खंगत जाते. हा भेद शेणलेंड्यांच्या तपासणीतच उलगडतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ताज्या लेंड्या नेऊन द्याव्यात. शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे, तेथेही निदानासाठी जाता येते.

दुधाबद्दल थोडे कडकपणे लिहावे लागते. हे औषध चरबीत मुरते आणि कित्येक दिवस दुधातून उतरते. दूध उकळल्याने ते नाहीसे होत नाही. म्हणून ज्या गाईचे दूध घरी किंवा डेअरीत जाते तिला हे इंजेक्शन देऊ नये. तिच्यासाठी दुसरे औषध पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारावे. मांसासाठी विकायच्या जनावरास लेबलावरील दिवस उलटल्याशिवाय बाजार दाखवू नये. टोचल्याची तारीख वहीत नसेल तर हे दिवस कोण मोजणार?

साऱ्या कळपाला एकाच दिवशी टोचण्याचा आग्रहही टाळावा. दक्षिण आफ्रिकेत डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहून निवड करण्याची रीत रूढ झाली. पापणी लालसर तर औषध नको, फिकट पांढरी तर द्यावे. यामुळे औषध वाचते आणि ते लागू पडणारे जंतही कळपात टिकतात. अंगाला जंत नसलेल्या मेंढीच्या लेंडीतून औषध शेतात उतरते आणि शेणकिड्यांना बाधते, हाही एक तोटा. शेतात खतासाठी मेंढ्या बसवणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तो लहान नाही.

पहिले इंजेक्शन पशुवैद्यकाच्या चिठ्ठीने आणि त्यांच्या देखत द्यावे. टोचल्यावर जनावर लडखडले, लाळ गाळू लागले किंवा त्याच्या बाहुल्या फैलावल्या तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकास लगेच कळवावे. रिकाम्या बाटल्या आणि सुया गोठ्यात न टाकता झाकणाच्या डब्यात साठवून दवाखान्यात परत द्याव्यात.