मोटारीस योग्य पेट्रोल कोणतें?

पुष्कळ पंपांवर हल्लीं दोन प्रकारचें पेट्रोल मिळतें. एक साधें व दुसरें अधिक मोलाचें. जें महाग तें मोटारीस अधिक हितकर, असा अनेकांचा समज असतो. तो कितपत खरा आहे, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. कारण विषय रसायनशास्त्राचा असला, तरी त्याचा संबंध घरच्या जमाखर्चाशीं येतो.

प्रथम इंजिनांत काय घडतें तें पाहूं. सिलिंडरमध्यें पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण शिरतें, दट्ट्या तें दाबतो, आणि विजेच्या ठिणगीनें तें पेट घेतें. ज्वाला ठिणगीपासून क्रमाक्रमानें पसरली पाहिजे. परंतु हवा दाबली असतां तापते, हें सायकलच्या पंपावरून आपण जाणतोंच. मिश्रण फार तापलें, तर ज्वाला पोंचण्यापूर्वींच त्याचा उरलेला भाग आपोआप भडकतो व इंजिनांतून खडखड आवाज येतो. हा आघात दीर्घकाल चालल्यास दट्ट्याची हानि होते.

या दोषास पेट्रोल किती विरोध करतें, हें ऑक्टेन अंकानें सांगतात. आयसो-ऑक्टेन या द्रवास १०० व नॉर्मल हेप्टेन या द्रवास ० असे अंक दिलेले आहेत. ज्या पेट्रोलचें वर्तन ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखें, त्याचा अंक ९१. तेव्हां हा अंक शक्तीचें माप नव्हे, सहनशीलतेचें माप आहे, हें ध्यानांत ठेवावें.

मग निवड कशी करावी? मोटारीबरोबर मिळालेलें माहितीपुस्तक पाहावें. त्यांत ९१ पुरे असें लिहिलें असल्यास ९५ किंवा १०० अंकाचें पेट्रोल घेण्यांत बहुधा पैसा मात्र व्यर्थ जातो. उलट ज्या इंजिनास ९५ सांगितलें आहे, त्यांत काटकसरीस्तव कमी अंकाचें घालणें हितावह नाहीं. अमेरिकेंत अंक निराळ्या रीतीनें काढतात. तेथील ८७ म्हणजे आपल्याकडील सुमारें ९१ होय.

अंक वाढविण्याचा एक उपाय जगास फार महाग पडला. १९२१ सालीं अमेरिकेंत टॉमस मिजली यांस आढळलें कीं, शिशाचें एक संयुग मिसळल्यास ही खडखड थांबते. परंतु तें शिसें धुरावाटे हवेंत पसरून लहान मुलांच्या मेंदूस अपाय करूं लागलें. भारतांत तसलें पेट्रोल २००० सालीं बंद झालें. आणि २०२१ सालीं अल्जीरियानें तें बंद केल्यावर जगांतील मोटारींच्या पंपांवरून तें नाहींसें झालें.

इथेनॉल मिसळल्यानेंही अंक वाढतो. आपल्या महाराष्ट्रांतील साखर कारखाने उंसाचा रस व मळी यांपासून तें काढतात, आणि २०२५ सालीं देशांतील पेट्रोलांत त्याचें प्रमाण शेंकडा २० पर्यंत गेलें. समान मापाच्या पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश उष्णता त्यांत असते. म्हणून मिश्र पेट्रोलावर गाडी लिटरमागें थोडी कमी धांवते. शिवाय जुन्या गाड्यांतील कांहीं रबरी भाग त्यापुढें टिकत नाहींत. यास्तव जुन्या मोटारीच्या मालकानें, आपली गाडी या मिश्रणास योग्य आहे कीं नाहीं, हें कारखानदाराकडून जाणून घ्यावें व रबरी नळ्या वेळोवेळीं तपासवाव्या.

विद्यार्थ्यांनो, घरीं मोटार असल्यास तिचें पुस्तक उघडून हा अंक शोधा व वडिलांस दाखवा. किंमत हें योग्यतेचें प्रमाण नव्हे. कार्यास अनुरूप तेंच उत्तम, एवढें यावरून कळलें तरी आमच्या लेखनाचें सार्थक झालें.