मोठी अक्षरं जपून वापर

आता तू रोज वैतरणाहून बोईसरला जाणार, तेही एमआयडीसीतल्या लॅबमध्ये, म्हणून मामाचं एक ऐक. इंग्रजीतलं मोठं अक्षर कुणाला मान द्यायला नसतं. देवनागरीत लहान-मोठं असा प्रकारच नाही, त्यामुळे महत्त्वाचा वाटेल तो शब्द आपण कॅपिटलनं सुरू करतो आणि साधा रजेचा अर्ज लग्नाच्या मांडवासारखा दिसतो. खास नावाला मोठं अक्षर, बाकीच्यांना लहान. वैतरणा नेहमी मोठ्या व्हीनं, मग ती नदी असो की विरार-सफाळ्यामधलं स्टेशन. नुसतं 'रिव्हर' किंवा 'स्टेशन' लिहिलंस तर लहान. वार आणि महिने मोठे, ऋतू लहान. मराठी, इंग्लिश मोठे, केमिस्ट्री लहान. 'आय' मात्र वाक्यात कुठेही येवो, मोठाच. समोरचा 'यू' लहान आणि आपण तेवढे मोठे, याचं मला अजून हसू येतं.

हे चुकलं तर साहेब फार तर लाल शाई मारतील. लॅबमधलं चुकलं तर अर्थच पालटतो. सी मोठा आणि ओ लहान म्हणजे कोबाल्ट, धातू. दोन्ही मोठे केलेस की कार्बन मोनॉक्साइड, वास नसलेला विषारी वायू. बाटलीवरची चिठ्ठी घाईत कधी लिहू नकोस. पीएचमध्ये पी लहान, एच मोठा. किलोचा के लहान. मोठा के म्हणजे केल्विन, तापमानाचं एकक. मेगावॅटचा एम मोठा. लहान काढलास तर मिलिवॅट, म्हणजे 100 कोटी पटींचा फरक. तारापूर अणुवीज केंद्रात 540 मेगावॅटचे दोन संच आहेत. त्यांचा एम लहान लिहिलास तर उरतो जेमतेम अर्धा वॅट. त्यावर एलईडीचा शून्याचा दिवा लागला तर लागला.

अख्खा ईमेल कॅपिटलमध्ये पाठवू नकोस, वाचणाऱ्याला ओरडल्यासारखं वाटतं. सगळी अक्षरं मोठी हवीत ती फॉर्मवर, 'ब्लॉक लेटर्स' छापलेलं असेल तिथे. एका चौकटीत एकच अक्षर, आणि दोन शब्दांमध्ये एक चौकट मोकळी. खरी गडबड ओ आणि शून्याची. पॅनमध्ये आधी 5 अक्षरं, मग 4 अंक, शेवटी 1 अक्षर, हे ध्यानात असलं की कुठे काय ते कळतं. पगाराच्या खात्याचा आयएफएससी लिहिताना पाचव्या जागी नेहमी शून्यच असतं. तिथे ओ काढू नकोस.