माळव्याच्या परसबागेत सफरचंद : महू परिसरासाठी मार्गदर्शन

सफरचंद हे थंड प्रदेशातील फळझाड आहे. काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड या डोंगरी भागांत त्याच्या मोठ्या बागा आहेत. अलीकडे मात्र उष्ण हवामानातही येऊ शकणाऱ्या जातींची कलमे मैदानी प्रदेशात विकली जाऊ लागली असून महू (२००३ पासून डॉ. आंबेडकर नगर), इंदूर व लगतच्या माळव्यातील अनेक कुटुंबांना आपल्या आवारात हे झाड लावण्याची इच्छा होते. कलमास खर्च येतो आणि फळासाठी तीन-चार वर्षे वाट पाहावी लागते. जात चुकल्यास झाड हिरवे राहते, परंतु फुलत नाही. म्हणून लागवडीपूर्वी या झाडाची मूलभूत गरज समजून घेणे अगत्याचे आहे.

थंडीची गरज

हिवाळ्यात सफरचंदाची पाने गळतात व झाड सुप्तावस्थेत जाते. ही विश्रांती पुरी होण्यास सुमारे ७ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाचे ठराविक तास मिळावे लागतात. डेलिशस गटातील प्रचलित जातींना असे सुमारे ८०० ते १,२०० तास लागतात. ते न मिळाल्यास डोळे उशिरा व विषम फुटतात, फांद्यांचा मधला भाग उघडा राहतो आणि फुले तुरळक येतात.

महू समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. माळव्याच्या रात्री शीतल म्हणून प्रसिद्ध असल्या तरी जानेवारीत रात्रीचे सरासरी किमान तापमान १० अंशांच्या आसपास असते. पारा ७ अंशांखाली जातो तो मोजक्याच रात्री आणि तोही पहाटेच्या काही तासांपुरता. दुपारच्या उबेमुळे मिळालेल्या थंडीचा परिणामही काही अंशी कमी होतो. यावरून काश्मिरी जातीचे कलम येथे का लावू नये, हे स्पष्ट होईल.

जातींची निवड

कमी थंडीवर फळणाऱ्या तीन जाती विचारात घेण्याजोग्या आहेत. ‘अ‍ॅना’ ही जात इस्रायलमध्ये तयार झाली असून तिला सुमारे २०० ते ३०० तास पुरतात. ‘डॉर्सेट गोल्डन’ ही बहामा बेटांवर आढळलेली पिवळ्या फळांची जात आहे. तिसरी ‘एचआरएमएन-९९’ ही हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्याचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी आपल्या परसात उगवलेल्या रोपापासून विकसित केली. या कार्याबद्दल त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

शर्मा यांचे गाव सुमारे १,८०० फूट उंचीवर आहे. महूची उंचीही जवळजवळ तेवढीच आहे. तथापि एवढ्यावरून दोन्ही ठिकाणचे हवामान सारखे मानणे चुकीचे ठरेल. बिलासपूर बरेच उत्तरेस, हिमालयाच्या पायथ्याशी आहे. तेथील हिवाळा अधिक थंड व दीर्घ असतो. म्हणून येथे ही जात लावतानाही अपेक्षा माफक ठेवावी.

एकाच जातीच्या झाडांत फलधारणा कमी होते. अ‍ॅना व डॉर्सेट गोल्डन यांचा फुलोरा साधारण एकाच वेळी येत असल्याने दोन्हींचे एकेक कलम जवळपास लावावे. खाल्लेल्या फळाच्या बीपासून मूळ जातीचे झाड मिळत नाही. उपयुक्त रोप हजारांत एखादेच निपजते; म्हणून खात्रीचे कलमच घ्यावे.

जमीन व लागवड

माळव्यातील काळी जमीन ओल धरून ठेवते. अशा जमिनीत खोल खड्डा घेतल्यास पावसाळ्यात तो हौदासारखा भरतो व मुळे कुजतात. यास्तव ६० सें.मी. लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो पोयटा, मुरूम व कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणाने भरावा आणि वर सुमारे ३० सें.मी. उंचीचा मातीचा ओटा करावा. पावसाळ्यात पाणी बाहेर वाहून जाईल असा चर काढावा. लागवड डिसेंबर-जानेवारीत करावी. दोन झाडांत ३ ते ४ मीटर अंतर ठेवावे. कलमाचा जोड जमिनीपासून १० ते १५ सें.मी. वर राहील याची दक्षता घ्यावी.

वळण व छाटणी

लावल्यानंतर कलम ६० ते ७५ सें.मी. उंचीवर छाटावे. पुढे फुटणाऱ्या फांद्यांपैकी चारही दिशांना पसरणाऱ्या तीन-चार ठेवून इतर काढाव्यात. पुढील वर्षांत हिवाळ्यात वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या व आत वाढणाऱ्या फांद्या काढाव्यात. पहिली दोन वर्षे आलेली फुले खुडून टाकावीत.

ताण व पानगळ

डाळिंबाचा बहार धरताना जसा ताण देऊन पानगळ करतात, तसाच उपाय येथे उपयोगी पडतो. उबदार हिवाळ्यात सफरचंदाची पाने आपोआप गळत नाहीत व झाड विश्रांती घेत नाही. इंडोनेशियातील जावा बेटावर बातू येथे हाताने पाने काढूनच सफरचंदाचे पीक घेतले जाते. महू येथे दोन वर्षांपुढील झाडाचे पाणी नोव्हेंबरअखेरपासून हळूहळू कमी करावे. डिसेंबरच्या शेवटी उरलेली पाने डोळ्यांस इजा न होता काढावीत, हलकी छाटणी करावी आणि नंतर खत देऊन पाणी सुरू करावे. या उपायाने थंडीची उणीव पूर्णपणे भरून निघत नाही. मात्र फूट एकसारखी होण्यास मदत होते.

खत, पाणी व संरक्षण

पहिल्या वर्षी १० किलो शेणखत पुरेसे होते. पुढे वयाप्रमाणे ते वाढवावे. डोंगरी बागांत वयाच्या प्रत्येक वर्षास ७० ग्रॅम नत्र, ३५ ग्रॅम स्फुरद व ७० ग्रॅम पालाश देण्याची पद्धत आहे. परसबागेत याच्या निम्म्या मात्रेने आरंभ करून वाढ पाहावी.

खरी कसोटी एप्रिल-मेमध्ये लागते. तापमान ४० अंशांपर्यंत जाते आणि त्याच वेळी फळे पोसत असतात. बुंध्याभोवती पाचट किंवा वाळलेल्या पानांचे आच्छादन द्यावे, मात्र ते खोडास चिकटू देऊ नये. पाणी थोडे पण नियमित द्यावे. पश्चिमेच्या उन्हापासून सावली करावी. खोडास पावसाळ्यापूर्वी बोर्डो मलम (१ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी) लावावे. वाळवी व लोकरी मावा यांवर लक्ष ठेवावे.

फळे सुपारीएवढी झाल्यावर प्रत्येक झुबक्यात एकच फळ राखावे व पोपट-वटवाघळांपासून रक्षणासाठी त्यास कापडी पिशवी बांधावी. मे-जूनमध्ये, पाऊस लागण्यापूर्वी, फळे काढावीत.

अपेक्षित लाभ

उन्हाळ्यात पिकलेल्या फळास रंग कमी येतो, ते लवकर मऊ पडते व फार दिवस टिकत नाही. ज्या वर्षी हिवाळा सौम्य असेल, त्या वर्षी फळे थोडीच येतील. म्हणून ज्यांच्या आवारात एकाच झाडास जागा आहे, त्यांनी या मातीस व हवेस मानवणारे पेरू किंवा सीताफळ लावणे श्रेयस्कर होय. ज्यांना जागा आहे व नित्य देखभाल शक्य आहे, त्यांनी दोन जातींची दोन कलमे लावून प्रयोग अवश्य करावा. प्रत्येक वर्षी पानगळीची, फुलोऱ्याची व फळकाढणीची तारीख वहीत नोंदवावी. चार-पाच वर्षांच्या अशा नोंदींवरून आपल्या आवारास कोणती जात मानवते, हे निश्चित कळेल आणि शेजाऱ्यांसही योग्य सल्ला देता येईल.