आधी मायबापांनी ऐकावे

शास्त्रपाठ : अनुवाद ६:४-१२ व ६:२०-२५
सोबत वाचावे : १ शमुवेल अध्याय ३, २ तीमथ्य १:५ व ३:१४-१५

आपल्या मंडळ्यांत पालकांची सभा भरली की हल्ली एकच तक्रार ऐकू येते. मुलांच्या हातचा मोबाइल सुटत नाही. जेवताना मोबाइल, पुस्तक उघडले तरी त्याच्या आड मोबाइल, झोपताना उशाशी मोबाइल. मग पाळकसाहेबांना विनंती होते की, शब्बाथशाळेत मुलांना जरा समजावून सांगा. सांगायला हरकत नाही. परंतु या पाठासाठी निवडलेला शास्त्रभाग लक्षपूर्वक वाचला तर तो मुलांना उद्देशून नाही हे ध्यानात येते. मोशे बोलत आहे तो मोठ्या माणसांशी.

इस्राएल लोक यार्देनेच्या अलीकडे उभे आहेत. चाळीस वर्षांचे रान मागे पडले आहे आणि पुढे भरलेला देश आहे. त्या देशात न बांधलेली नगरे, न खणलेल्या विहिरी, न लावलेले द्राक्षमळे आयते मिळणार आहेत (वचने १०-११). मोशेला भीती वाटते ती याच सुबत्तेची. रानात माणूस देवाला विसरत नाही, कारण रोजचा मान्ना त्याच्या हातून येतो. विहीर आयती मिळाली की ती कोणी दिली याची आठवण बुजते.

आपल्याकडे अशी आयती विहीर २०१६ साली आली. त्या वर्षी इंटरनेट एकाएकी इतके स्वस्त झाले की, ज्या घरात वर्तमानपत्र येत नव्हते तेथेही दिवसभर चित्रपट पाहता येऊ लागले. पुढे २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, आणि आपणच कर्ज काढून, उसनवारी करून मुलांच्या हाती मोबाइल दिला, कारण शाळाच त्यात भरत होती. यात कोणाचा दोष काढण्यासारखे काही नाही. शाळा पुन्हा उघडल्या, पण मोबाइल हातातच राहिला.

आता आज्ञेचा क्रम पाहा. प्रथम इस्राएलाने ऐकायचे आहे. या आज्ञेला यहूदी लोक 'शेमा' म्हणतात, त्याचा अर्थच 'ऐक' असा आहे. मग देवावर सर्वस्वाने प्रीती करायची, मग ही वचने स्वतःच्या हृदयात ठेवायची, आणि त्यानंतर कोठे मुलांचे नाव येते. मुलांना शिकवण्याच्या वेळाही सांगितल्या आहेत : घरात बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. यांत मंदिराचे नाव नाही, सणाचे नाही. साध्या, रिकाम्या वेळा आहेत. मोबाइलने नेमक्या ह्याच चार वेळा घेतल्या आहेत, आणि मुलांच्या आधी आपल्या घेतल्या आहेत. सकाळी डोळे उघडताच प्रथम हात कोठे जातो, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासावे.

ही गोष्ट एका गावाने चांगली ओळखली. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. बहुतेक लोक शेतकरी किंवा साखर कारखान्यातील कामगार. करोनानंतर शाळा भरू लागली तेव्हा तेथील शिक्षकांच्या लक्षात आले की, मुलांचे वाचन-लेखनावरून मन उडाले आहे. गावच्या सभेत विचार झाला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून एक प्रथा सुरू झाली. संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजे, आणि ८.३० वाजता पुन्हा वाजेपर्यंत गावातील दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवायचे. सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला तेव्हा पुरुषमंडळी आधी हसली. मग स्त्रियांची सभा झाली. मालिका पाहण्यात आपलाही फार वेळ जातो हे त्यांनी मोकळेपणी कबूल केले, आणि तेथून काम मार्गी लागले. सुरुवातीला ग्रामपंचायतीचे लोक घरोघर फिरून बंद करा, बंद करा, असे सांगत असत.

या दीड तासात शिक्षकांनी व पालकांनी लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, तो नियम मुलांपुरता नव्हता. आपल्याकडची घरे एक-दोन खोल्यांची. बाप मालिका पाहत असेल तर त्याच खोलीत मुलाने गणित कसे सोडवावे? म्हणून बापाचाही पडदा बंद झाला. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच कर्नाटक राज्यात, बेळगावजवळच्या हलगा गावानेही संध्याकाळी ७ ते ९ असा भोंगा सुरू केला. सीमाभागातील मराठी माणसाला हलगा काही परके नाही. बिदर आणि गुलबर्गा बाजूच्या आपल्या खेड्यांतही हे होऊ शकते. कोहिनूरसारख्या गावी सगळे गाव तयार होईल तेव्हा होवो; दहा-बारा ख्रिस्ती घरांना आपापसात एक वेळ ठरवायला भोंगा लागत नाही.

नुसत्या बंदीचा मार्गही लोकांनी अवलंबून पाहिला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास मनाई करणारा ठराव केला. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक अशा माध्यमांवर खाते ठेवता येत नाही. अशा कायद्यांना मी नावे ठेवत नाही. त्या कंपन्यांनी आपला माल असा घडवला आहे की एक चित्रफीत संपताच न विचारता दुसरी सुरू होते; 'पुरे' म्हणण्याची जागाच ठेवलेली नाही. अशा वस्तूपुढे आठ वर्षांच्या मुलाला एकट्याने संयम राखायला सांगणे अन्यायाचे आहे. तरीही आपला अनुभव ध्यानात घ्यावा. भारत सरकारने जून २०२० मध्ये टिकटॉक बंद केले. थोड्याच दिवसांत तशाच आखूड चित्रफिती इन्स्टाग्रामवर आल्या आणि पाहणारे तिकडे गेले. एक दार लावले आणि घरात दुसरे काही मांडले नाही, तर मूल दुसरे दार शोधते.

(अगदी लहान बाळांविषयी मात्र तडजोड नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की, एक वर्षाखालील बाळाला पडद्यापुढे बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासाहून अधिक नको. कमी तितके बरे. बाळ जेवत नाही म्हणून मोबाइल दाखवणाऱ्या आयांनी हे वाक्य चुलीजवळ लिहून ठेवावे.)

मग घरात काय मांडावे? याचे उत्तर विसाव्या वचनात आहे. पुढे तुझा मुलगा तुला विचारील की, या आज्ञांचा अर्थ काय, असे मोशे सांगतो. मूल विचारणार हे तो गृहीत धरतो, आणि ते बापाला विचारणार हेही गृहीत धरतो. आज मूल यंत्राला विचारते, आणि यंत्र क्षणात उत्तर देते. मिसर देश कोठे आहे, फारो कोण होता, तांबडा समुद्र केवढा आहे, हे सगळे ते आपल्याहून चांगले सांगेल. परंतु मोशेने बापाच्या तोंडी घातलेले उत्तर कसे सुरू होते ते पाहा. आपण फारोचे दास होतो आणि परमेश्वराने आपल्याला बाहेर काढले, असे बाप सांगतो. त्या उत्तराचे सगळे बळ 'आपण' या शब्दात आहे, आणि तो शब्द उच्चारण्याचा अधिकार यंत्राला नाही. तुमचे आजोबा-पणजोबा ख्रिस्ताकडे कसे आले, तेव्हा गावाने काय म्हटले, दुष्काळात किंवा आजारात घराने कोणती प्रार्थना केली, हे कोणत्याही इंटरनेटवर नाही. ते फक्त तुमच्याजवळ आहे, आणि तुम्ही न सांगितल्यास तुमच्याबरोबर जाईल.

आपल्या भागात यात आणखी एक अडचण आहे. घरात मराठी, शाळेत कानडी, बाजारात दखनी आणि मोबाइलवर हिंदी, अशी आपली मुले वाढतात. पुष्कळांना मराठी पवित्र शास्त्र अडखळतच वाचता येते. तेव्हा कौटुंबिक प्रार्थनेत मुलांनी पाळीपाळीने मोठ्याने चार वचने वाचावीत, चुकली तरी हसू नये. आणि त्या वेळी शक्यतो छापील पुस्तक वापरावे. मोबाइलवर शास्त्र वाचणे पाप आहे असे माझे म्हणणे नाही. प्रवासात मीही वाचतो. पण बाप पुस्तक उघडून बसला की मुलाला दिसते की बाप शास्त्र वाचत आहे. तोच मोबाइल घेऊन बसला तर स्तोत्र वाचतो की व्हॉट्सअ‍ॅप, हे समोरच्या मुलाला कळत नाही. मोशेने वचने दाराच्या चौकटीवर लिहायला सांगितली ती सर्वांना दिसावी म्हणूनच. अमेरिकन मराठी मिशनने १८७३ मध्ये मुलांसाठी 'बालबोधमेवा' मासिक सुरू केले, तेव्हा मराठी मुलांपुढे वाचायला फार थोडे होते. आज त्यांच्यापुढे अमाप आहे, पण मांडीवर घेऊन वाचून दाखवणारे माणूस कमी झाले आहे.

पुष्कळ घरांतील बाप पुण्या-मुंबईस किंवा हैदराबादेस कामाला असतो. आई शेतावर, मूल आजीजवळ. तेथे मोबाइल म्हणजेच बापाचा चेहरा आहे, आणि त्याला मनाई करणे क्रूरपणाचे होईल. दोन वर्षांखालील बाळांविषयी कडक असलेले डॉक्टरही आप्तांशी समोरासमोर बोलण्याला सूट देतात. बापाने त्या दहा मिनिटांत 'अभ्यास केलास का' एवढेच न विचारता मुलाबरोबर प्रार्थना करावी. आणि आजीने आपल्याला इंग्रजी येत नाही, मोबाइल येत नाही, म्हणून मागे सरू नये. तीमथ्याचा पिता हेल्लेणी होता. त्याच्यात विश्वास आला तो आजी लोईस व आई युनीके यांच्याकडून.

शेवटी शमुवेलाकडे येऊ. शिक्षकांनी हा भाग वर्गात सावकाश घ्यावा. मूल रात्री निजले आहे आणि त्याला ओळख नसलेला आवाज हाक मारतो. ते धावत एलीकडे जाते. एकदा, दोनदा, तीनदा. एली म्हातारा, दृष्टी मंदावलेली, झोपमोड झालेली. पण तो एकदाही रागावत नाही. पहिल्याच हाकेला त्याने धमकावले असते तर मूल दुसऱ्यांदा आले असते का? आज आपल्या मुलांना मोबाइलमधून अनोळखी आवाज हाका मारतात. कोणी गोड बोलून फोटो मागतो, कोणी त्याच फोटोची भीती घालून पैसे मागतो. अशा वेळी मूल आपल्याकडे धावत येईल की 'मोबाइल काढून घेतील' म्हणून गप्प राहील, हे आपण त्याच्या लहानसहान बोलण्याला आजवर कसे उत्तर दिले यावर ठरते. सकाळी शमुवेल सांगायला भ्यालाच होता. एलीने त्याला 'माझ्या मुला' अशी हाक मारून बोलते केले, आणि जे ऐकले ते त्याच्या स्वतःच्या घराविरुद्ध होते तरी त्याने ते ऐकून घेतले. हाच एली स्वतःच्या मुलांना आवरू शकला नव्हता, हेही विसरू नये. स्वतःच्या घरी जे जमले नाही ते दुसऱ्याच्या लेकरासाठी करण्याची वेळ शब्बाथशाळेच्या शिक्षकावर येऊ शकते.

असा प्रसंग कानी आल्यास मुलाला दोष देऊ नये, संदेश पुसून टाकू नयेत. मुलांसाठी १०९८ आणि इंटरनेटवरील फसवणुकीसाठी १९३० हे सरकारी दूरध्वनी क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवावेत.

शिक्षकांनी पुढील रविवारी वर्गाला एक काम द्यावे. प्रत्येक मुलाने घरातील सर्वांत वयस्कर माणसाला विचारावे : आपल्या घरात पहिल्यांदा येशूचे नाव कोणी घेतले, आणि त्याचे काय झाले? उत्तर स्वतःच्या हाताने, मराठीत, वहीत लिहून आणावे. उत्तर देणाऱ्याने त्या वेळी मोबाइल बाजूला ठेवला होता की नाही, हेही मुलाने खाली लिहावे.