व्होल्टांची पेटी

प्रश्न : मी धायरीत राहतो आणि नऱ्हे रस्त्यावरच्या एका युनिटमध्ये कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करतो. घरी पेटी वाजवतो, भजनाच्या साथीपुरती. भाच्याच्या मोबाइलवर मॉड्यूलर सिंथेसायझर पाहिला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. शेकडो मॉड्यूल्स दिसतात, त्यातली घ्यायची कोणती? लाखभर रुपयांत काही उभं राहील का? आपला राग त्यावर वाजेल, की नुसते चित्रविचित्र आवाज येतील? त्यापेक्षा तयार सिंथेसायझर घेतलेला बरा का? आमच्याकडे बदललेला एक जुना पीएलसी पडून आहे, त्याचा काही उपयोग होईल का?
– एक वाचक, धायरी

उत्तर : पीएलसीचा, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा, प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी एक गोष्ट सांगतो : हे यंत्र समजायला तुम्हाला एखाद्या गवयापेक्षा कमी वेळ लागेल, कारण त्यातलं निम्मं तुम्ही रोज हाताळता.

तुमच्या पॅनेलमधला ड्राइव्ह घ्या. त्याला ० ते १० व्होल्टचा रेफरन्स दिला की मोटर ० ते ५० हर्ट्झवर फिरते. मॉड्यूलर सिंथेसायझरमधला ऑसिलेटर, म्हणजे व्हीसीओ, हेच करतो. व्होल्टेज आत, फ्रिक्वेन्सी बाहेर. फक्त मोटरच्या जागी स्पीकर. ड्राइव्हमध्ये तुम्ही अॅक्सिलरेशन आणि डिसेलरेशनचा वेळ भरता. इथे स्वर उमटायला आणि विरायला लागणारा वेळ ठरवणारं मॉड्यूल म्हणजे एन्व्हलप. स्टार्ट कमांडचा कॉन्टॅक्ट म्हणजे गेट : कीबोर्डची पट्टी दाबली की साधारण पाच व्होल्ट, सोडली की शून्य. ऑसिलेटर बिचारा सतत बोलत असतो. त्याचा आवाज किती बाहेर सोडायचा हे व्हीसीए ठरवतो आणि त्यातला तिखटपणा किती ठेवायचा हे फिल्टर. या प्रत्येकाला वेगळी पट्टी, पट्टीवर ३.५ मिलिमीटरचे जॅक, आणि जोडणी तुमच्या हातात.

फरक एकच, पण मोठा. ड्राइव्हचा हिशेब सरळ रेषेत चालतो; व्हीसीओमध्ये दर व्होल्टला फ्रिक्वेन्सी दुप्पट होते. शून्याला ११० हर्ट्झ असेल तर एक व्होल्टला २२०, दोनला ४४०. म्हणजे एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक. रॉबर्ट मूग यांनी १९६४च्या सुमारास अमेरिकेत ही पद्धत रुळवली आणि आज बहुतेक मॉड्यूल्स तिच्यावरच चालतात.

हे यंत्र आपल्याकडे नवं आहे असंही समजू नका. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगचा मॉड्यूलर सिंथेसायझर १९६९ साली बसला. तो मांडायला अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर आले होते, आणि या खटाटोपामागे गीता साराभाई होत्या. त्या पखवाज वाजवत. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला असताना त्यांनी जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं. अहमदाबादच्या स्टुडिओत १९७२ पर्यंत काम चाललं. मग टेपा पडून राहिल्या, त्या पुढे पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराला संस्थेच्या संग्रहात सापडल्या आणि २०२३ मध्ये निवडक ध्वनिमुद्रणं प्रसिद्ध झाली. जरूर ऐका. गळ्यावर राग असलेली माणसं तारा उपसून काय शोधत होती ते कळतं, आणि कुठे अडत होती तेही.

आता निवड. आज तुम्हाला दिसतात ती बहुतेक मॉड्यूल्स युरोरॅक या मापाची आहेत. म्युनिकजवळच्या डीटर डोप्फर यांनी १९९५ साली ए-१०० ही मालिका काढली आणि तिचं माप पुढे सगळ्यांनी उचललं. उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी एचपीमध्ये मोजायची, एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. १९ इंची रॅकच्या रुंदीत ८४ एचपी बसतात. तुमच्या युनिटमध्ये १९ इंची रॅक कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

नवशिक्या माणसाचा पैसा ऑसिलेटरमध्ये बुडतो. दुकानात, व्हिडिओत, सगळीकडे आवाज काढणाऱ्या मॉड्यूलचंच कौतुक असतं, आणि चार-चार ऑसिलेटर घेऊन लोक बसतात. मग त्यांना बोलतं करायला, गप्प करायला आणि एकमेकांत मिसळायला काहीच नसतं. माझं मत स्पष्ट आहे : पहिल्या पेटीत ऑसिलेटर एकच असावा आणि व्हीसीए किमान दोन. त्यासोबत व्होल्टेज कमी करणारी किंवा उलटवणारी साधी, कंटाळवाणी दिसणारी मॉड्यूल्स. एलएफओचा, म्हणजे संथ झुलणारं व्होल्टेज देणाऱ्या मॉड्यूलचा, पाच व्होल्टचा झोका थेट ऑसिलेटरला दिला तर स्वर पाच सप्तकं खाली-वर उडतो. कंपासाठी तुम्हाला त्यातले फार तर दहा-वीस मिलिव्होल्ट हवे असतात. ते कापून देणारं नॉबचं मॉड्यूल स्वस्त असतं आणि त्याच्यावाचून महागडं सगळं फुकट.

डोप्फरच्याच यादीतून सांगायचं तर ए-११० ऑसिलेटर, ए-१२० फिल्टर, ए-१३२-३ हा दुहेरी व्हीसीए, ए-१४० एन्व्हलप, ए-१४५ एलएफओ, ए-१३८ मिक्सर, ए-१७० स्लू लिमिटर आणि तुमच्यासाठी खास ए-११९. याला मायक्रोफोन लावून पेटीचा आवाज आत घेता येतो, आणि पेटी जोरात-हळू वाजेल तसं कमी-जास्त होणारं व्होल्टेजही मिळतं. भात्याच्या दाबावर फिल्टर उघडतो-मिटतो, ही मजा एकदा घ्याच. बहुतेक मॉड्यूल्स ८ एचपीची असल्यामुळे हे सगळं साधारण ६५ एचपीत बसतं आणि ८४च्या रॅकमध्ये थोडी जागा उरते. उरू द्या. मोकळ्या जागेवर कोरी पट्टी लावा.

याच कंपनीची घ्या असा आग्रह नाही. बेहरिंगरची स्वस्त पडतात. म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्स ही फ्रेंच कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, पण तिने आपले आराखडे सर्वांसाठी खुले ठेवल्यामुळे तिची मॉड्यूल्स इतर लोक अजून बनवतात. मुंबईत अॅनिमल फॅक्टरी अॅम्प्लिफिकेशन गिटारच्या पेडल्सबरोबर युरोरॅकही बनवते. तिथलं घेतलं तर कस्टमची कटकट नाही.

लाखाचं गणित मात्र जरा ओढाताणीचं आहे. वरची आठ मॉड्यूल्स युरोपातल्या किमतीने ढोबळ सातशे युरोच्या घरात जातात. त्यावर रॅक, वीजपुरवठा, कुरिअर, कस्टम आणि जीएसटी. सगळं तयार विकत घेतलंत तर लाख ओलांडणार. पण रॅक आणि वीजपुरवठा तुम्ही स्वतः करू शकता, आणि तिथेच तुमचा फायदा. धायरी-नऱ्हे पट्ट्यात पत्रा कापून, वाकवून, पावडर कोटिंग करून देणारे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील. मिक्सर आणि नॉबचं मॉड्यूल तर टीएल-०७२ ऑप-अॅम्प, पोटेन्शिओमीटर आणि जॅक आणून घरी जोडण्यासारखं आहे. बुधवार पेठेत तपकीर गल्लीला एक शनिवार दिला की सामान गोळा होतं.

वीजपुरवठ्याबद्दल नीट ऐका, कारण इथे तुमची सवयच तुम्हाला फसवेल. युरोरॅकला अधिक १२ आणि उणे १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात. पॅनेलमधला २४ व्होल्टचा एसएमपीएस इथे उपयोगाचा नाही. आउटपुट वेगळं केलेले, म्हणजे आयसोलेटेड, १२ व्होल्टचे दोन एसएमपीएस एकापुढे एक जोडून मधला बिंदू शून्य धरता येतो, पण स्विचिंगची बारीक शिट्टी आवाजात उतरण्याची भीती असते. १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, मोठे कपॅसिटर आणि ७८१२-७९१२ची जोडी हे जुनं, जड, गरम होणारं, पण शांत उत्तर. हीटसिंक आणि फ्यूज विसरू नका, आणि पत्र्याला अर्थिंग द्या. मॉड्यूलच्या माहितीपत्रकात प्रत्येक बाजूचे मिलिअँपिअर दिलेले असतात. दोन्हींची वेगवेगळी बेरीज करा आणि वर पाव हिस्सा राखून ठेवा.

आणि तो लाल रंग. पॅनेलमध्ये डीसीची लाल तार म्हणजे अधिक हे तुमच्या बोटांना पाठ असेल. युरोरॅकच्या चपट्या रिबन केबलवरची लाल रेघ उणे १२ची बाजू दाखवते. केबल उलटी बसली आणि मॉड्यूलमध्ये संरक्षक डायोड नसला की आयसी गेलाच. रॅकच्या आत कागद चिकटवून लिहून ठेवा. पुढच्या बाजूच्या जॅकमध्ये मात्र बिनधास्त चुका करा. एका आउटपुटला दुसरं आउटपुट जोडलं तरी सहसा काही जळत नाही, कारण प्रत्येकाला आतून सुमारे एक किलोओहमचा रोध असतो. कामावर जे कधी करणार नाही ते इथे करून बघायचं.

हे सगळं विकत घेण्याआधी मात्र लॅपटॉपवर व्हीसीव्ही रॅक उतरवून घ्या. २०१७ पासून ते फुकट मिळतं आणि त्यात पडद्यावर मॉड्यूल्स ठेवून तारा जोडता येतात. वरची आठ प्रकारची मॉड्यूल्स आणि ते नॉबचं, एवढीच घ्यायची, दहावं नाही, असा नियम करून दोन-तीन महिने वाजवा. ज्याला हात लागला नाही ते यादीतून काढा. कदाचित तेवढ्यावरच तुमची हौस भागेल आणि लाख रुपये वाचतील. मला त्यात काही वाईट वाटणार नाही.

तयार सिंथेसायझर घ्यावा का? घेतलात तरी राग अडत नाही. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडचा ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीन तयार यंत्रं वापरून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही, आणि तीसेक वर्षांनी युरोपात त्यांच्या नावाचा गवगवा झाला. त्या ३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. तुम्हाला गाणीच वाजवायची असतील, भजनीमंडळात न्यायचं असेल, तर तयार कीबोर्ड घ्या आणि सुखी राहा. मॉड्यूलर सिंथेसायझर चांगली जुळलेली जोडणी आठवणीत ठेवत नाही. तारा काढल्या की ती गेली. आपलं सुचणं वायरिंगमधून होतं असं ज्याला वाटतं त्याचं हे वाद्य. तुमचं पत्र वाचून मला तुम्ही तसे वाटलात.

रागाच्या बाबतीत हे वाद्य तुमच्या पेटीपेक्षा मोकळं आहे. पेटीत मींड नाही. इथे ए-१७० मधून व्होल्टेज नेलं की ते उडी न मारता सरकत जातं आणि स्वरही तसाच सरकतो. तंबोऱ्याची जवारी हुबेहूब येणार नाही, तरी करवती लहर फिल्टरमधून सोडून त्याचा रेझोनन्स वाढवा आणि संथ एलएफओने फिल्टर हलवा. षड्जाच्या आतले वरचे स्वर एकामागून एक उजळत जातील. मात्र क्वांटायझर नावाचं मॉड्यूल आपल्या कामात जपून वापरा. ते कुठलंही व्होल्टेज जवळच्या स्वरावर ओढून बसवतं, आणि बहुतेकांचे स्वर पेटीसारखे बारा समान भागांचे असतात.

उन्हाळ्याचा एक त्रास आहे. अॅनालॉग ऑसिलेटरमधल्या ट्रान्झिस्टरचा स्वभाव तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला सुमारे ०.३३ टक्के. चांगल्या मॉड्यूलमध्ये त्याला तोड म्हणून उलट वागणारा रेझिस्टर बसवलेला असतो, तरी चालू केल्यावर अर्धा तास यंत्र तापू द्यावं आणि मग स्वर लावावा. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये लावलेला षड्ज रात्री गच्चीवर तसाच सापडेल ही अपेक्षा नको.

राहिला तुमचा पीएलसी. त्याला ० ते १० व्होल्टचं अॅनालॉग आउटपुट कार्ड असेल तर फेकू नका, तो उत्तम स्वरलेखक आहे. कार्ड १२ बिटचं असेल तर १० व्होल्टचे ४०९६ भाग, म्हणजे एक पायरी २.४४ मिलिव्होल्टची. अर्धा स्वर ८३ मिलिव्होल्टचा, तेव्हा एका अर्ध्या स्वरात तुम्हाला चौतीस पायऱ्या मिळतात. पेटीत एकही मिळत नाही. कार्डाचा शून्य आणि रॅकचा शून्य एकत्र जोडा, सिग्नल आधी मीटरवर तपासा आणि २४ व्होल्टची तार जॅकच्या आसपासही फिरकू देऊ नका. गेटसाठी रिले आउटपुटमधून रॅकच्या १२ व्होल्टांपासून उतरवलेले पाच व्होल्ट घ्या; कॉन्टॅक्टची टकटक ऐकू येईल, ती ठेक्यात धरा.

काही कार्डांवर १० व्होल्टला ४०००चा आकडा असतो, ते आधी पाहून घ्या. ४०९६चं कार्ड धरून सांगतो. षड्जाला ० पाठवा आणि ऑसिलेटरचा नॉब फिरवून तो तुमच्या पट्टीत आणा. पेटीचा शुद्ध गांधार षड्जापासून ३३३ मिलिव्होल्टवर आहे, आकडा १३६ किंवा १३७. नीट लावलेल्या तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गांधार ३२२ मिलिव्होल्टवर, म्हणजे १३२. पंचम २४०, तार षड्ज ४१०. चारही आकडे टायमरवर फिरवा, मागे तंबोरा ठेवा आणि गांधार खटकला तर १३१ किंवा १३३ करून बघा.