दिवस जाण्याआधीचं ताट

तुम्हा दोघांचं बाळाचं ठरलंय आणि त्याच्या आधीच तुम्ही खाण्यापिण्याचं विचारताय, याचं मला फार मोल वाटतं. आपल्याकडे आहाराची चर्चा सुरू होते ती पाळी चुकल्यावर. मग सासर-माहेरहून फळं येतात, लाडू होतात, दुधात केशर पडतं. त्यात माया असते, यात शंका नाही. पण तोवर बाळाच्या घडणीतलं एक मोठं काम उरकत आलेलं असतं. ज्या नळीतून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. त्या वेळी पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींनी तोवर चाचणीही केलेली नसते. नळी नीट मिटायला फोलेट हे जीवनसत्त्व लागतं आणि ते आईच्या शरीरात आधीपासून असावं लागतं. धावपळ करून त्या आठवड्यात ते भरून काढता येत नाही.

म्हणून ताटाचा विचार निदान तीन महिने आधी करायचा, आणि दोघांनी करायचा. पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. आज जे खाल, प्याल, ओढाल, त्याचा हिशेब तिथेही लागतो. ‘तिच्या डाएटचं बघा’ असं म्हणत नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

आता कच्च्या आहाराविषयी. अलीकडे बरीच जोडपी हा विचार घेऊन येतात. सकाळी हिरवा रस, दुपारी सॅलड, रात्री फळं आणि भिजवलेला सुका मेवा. गॅस पेटवायचाच नाही. शरीर आधी शुद्ध करू, मग बाळ. या विचारामागची तळमळ मला कळते. पाकिटातले तळलेले पदार्थ आणि बेकरीचा माल बाजूला सारून कुणी काकडी-गाजराकडे वळत असेल तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही. शिवाय त्यात तथ्यही आहे. फोलेट आणि क जीवनसत्त्व ही दोन्ही पाण्यात विरघळतात आणि उष्णतेने कमी होतात. पालक भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकलं तर जवळपास निम्मं फोलेट मोरीत जातं. तोच पालक थोडा वेळ वाफवला तर फारसं जात नाही.

या फोलेटच्या कहाणीची सुरुवात आपल्या मुंबईतली आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. हाफकिन संस्थेत राहून तिने गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा अभ्यास केला. त्यांत कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका होत्या. त्यांच्या जेवणात भाजीपाला, फळं, दूध नावालाच असे, आणि बाळंतपणाच्या सुमारास त्या पांढऱ्याफटक पडत. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे विल्सने दाखवून दिलं. त्या अर्कात नेमकं काय आहे ते उलगडायला पुढे दहा वर्षं गेली. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. ज्या गोळीबद्दल आज डॉक्टर तुम्हाला सांगतात, तिच्या मुळाशी परळ-लालबागच्या चाळींतल्या त्या बायकांसारख्या कितीतरी जणींचे हाल आहेत.

कच्चं खाणं आपल्याला परकंही नाही. मराठवाड्यात, खानदेशात कोवळी मेथी, कांद्याची पात किंवा हरभऱ्याचा पाला चिरून, त्यात दाण्याचं कूट, मीठ, तिखट आणि तेल घालून घोळाणा करतात. भाकरीबरोबर तो काय लागतो! पश्चिम महाराष्ट्रात पचडी आहे, कोकणात दह्यातली कोशिंबीर आहे, उसळीवर पिळलेलं लिंबू आहे. त्या लिंबाचं काम चवीपुरतं नसतं. डाळी-कडधान्यांतलं आणि पालेभाज्यांतलं लोह शरीराला सहज शोषता येत नाही, क जीवनसत्त्व सोबत असेल तर ते बरंच जास्त शोषलं जातं. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा ते अडवतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. मग जेवणात लिंबाची फोड ठेवणं आणि चहा तासभर पुढे ढकलणं, हे बाळाच्या तयारीतलं फार स्वस्त आणि फार मोलाचं काम आहे.

पण ताटाची एक बाजू कच्ची असणं वेगळं आणि सगळं ताट कच्चं करणं वेगळं. इथे मी ठामपणे सांगेन: बाळ हवं असेल तर पूर्ण कच्च्या आहारावर जाऊ नका.

जर्मनीतल्या गीसन विद्यापीठाच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं मुख्यतः कच्चं खाणाऱ्या पाचशेहून अधिक स्त्री-पुरुषांचा अभ्यास केला आणि १९९९ मध्ये तो प्रसिद्ध केला. कच्च्या आहारावर गेल्यापासून बायकांचं वजन सरासरी १२ किलोंनी उतरलं होतं. ४५ वर्षांखालच्या बायकांपैकी सुमारे ३० टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबलीच होती. ज्यांच्या खाण्यात नव्वद टक्क्यांहून जास्त भाग कच्चा होता, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होतं. कारण समजायला अवघड नाही. कच्च्या भाज्या-फळांनी पोट गच्च भरतं, पण त्यांतून हाती लागणारी ऊर्जा कमी असते. धान्य-कडधान्यं शिजली की त्यांतला पिष्ट पदार्थ शरीराला मोकळा होतो. कच्चा असताना त्यातला बराचसा तसाच पुढे सरकतो. ऊर्जा सतत कमी पडली की शरीर आधी गर्भधारणेची तयारी थांबवतं. ते त्याचं शहाणपणच म्हणायचं, पण तुम्हाला बाळ हवंय तेव्हा ते तुमच्या विरोधात जातं. आणि जिचं वजन मुळातच कमी आहे, अशा मुलीने १२ किलो घालवायचे कुठून?

महात्मा गांधींनीही १९२९ मध्ये साबरमती आश्रमात न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग मोठ्या उत्साहाने केला होता. ‘यंग इंडिया’त त्यावर लिहिलंही. तब्येत बिघडली तेव्हा त्यांनी तो थांबवला आणि तेही लोकांना सांगितलं. ज्यांनी आहारावर आयुष्यभर इतका विचार केला, त्यांनाही जे पेललं नाही, ते पोटात जीव वाढवायला निघालेल्या मुलीने एखाद्या व्हिडिओवरून करू नये.

दुसरी गोष्ट बी-१२ ची. शाकाहारी घरांसाठी तर मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला आहे. त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश आयांमध्ये गरोदरपणात बी-१२ कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासलं, तेव्हा ज्या आयांमध्ये फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. म्हणजे पुढच्या मधुमेहाची चाहूल. आता विचार करा: हिरवे रस, पालेभाज्या, फळं आणि वरून फॉलिक ॲसिडची गोळी, दूध-दही सोडलेलं, अंडी-मासे नाहीतच. फोलेटची बाजू भरलेली आणि बी-१२ ची रिकामी. वनस्पतींतून भरवशाचं बी-१२ मिळतच नाही, मग पालक कितीही ताजा असो. आईत ते फारच कमी असेल आणि बाळ केवळ अंगावर पीत असेल, तर बाळाच्या मज्जासंस्थेवरही परिणाम होतो. हे मी घाबरवायला सांगत नाहीये. साध्या रक्ततपासणीत ते कळतं आणि गोळ्या-इंजेक्शनांनी भरूनही येतं. आधी कळलं तर.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम तर मला कितीही वेळा सांगावंसं वाटतं. सहा हजारांहून जास्त बायकांना, दिवस जाण्याच्या आधीपासून, रोज एक खाऊ दिला. एका गटाच्या खाऊत हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. सगळ्यांचा मिळून विचार केला तर बाळांच्या वजनात ठळक फरक नव्हता. पण ज्यांनी गर्भ राहण्याच्या निदान तीन महिने आधीपासून पालेभाज्यांचा खाऊ खाल्ला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी वजनदार होती, आणि आई फार हडकुळी नसेल तर फायदा आणखी जास्त. गरोदरपणातला मधुमेह दुसऱ्या गटात शंभरांत बारा जणींना झाला होता, पालेभाज्यांच्या गटात सात जणींना. आणि तो खाऊ शिजवलेलाच होता. पालेभाजी, फळ, दूध आणि वेळेआधी केलेली सुरुवात, एवढ्यावर हे घडलं.

कच्चं खाताना स्वच्छतेकडे मात्र काटेकोर लक्ष द्या, कारण गर्भ राहिल्याचं कळायच्या आधीचे दिवसही जपायचे असतात. पालेभाजीला चिकटलेल्या मातीतून टोक्सोप्लाझ्मासारखे परजीवी पोटात जाऊ शकतात. गरोदरपणात हा संसर्ग झाला तर तो बाळापर्यंत पोचू शकतो. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं की झालं, असं नाही. पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली धुवा, गाजर-मुळ्याची सालं काढा, मग चिरा. बाहेरचं कापलेलं सॅलड, गाडीवरचा बर्फ घातलेला रस आणि न तापवलेलं दूध हे तिन्ही बंद. दूषित पाण्यातून येणारी ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. कच्च्या दुधातून ब्रुसेलाची लागण होऊन गर्भपाताचीही भीती असते.

मोडांविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण ‘मोड आलेलं तर सगळ्यात चांगलं ना?’ हा प्रश्न हमखास येतो. चांगलं आहेच. मोड येताना क जीवनसत्त्व तयार होतं आणि लोह अडवून धरणारी द्रव्यं कमी होतात. पण ज्या उबेत आणि ओलाव्यात मोड येतात, त्याच उबेत जंतूही वाढतात. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून पसरलेल्या संसर्गाने सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून जास्त दगावले. म्हणून मूग-मटकी मोड आणून वाफवा, मग वर कांदा, कोथिंबीर, लिंबू घाला. राजमा तर कच्चा किंवा नुसता मोड आणून कधीच खाऊ नका. तो चांगला उकळून शिजला नाही तर विषारी ठरतो.

बाकी ताट साधंच असू द्या. भाकरी किंवा पोळी, वरण किंवा उसळ, तेलाच्या फोडणीत शिजलेली पालेभाजी, दही किंवा ताक, चालत असेल त्यांच्याकडे अंडं-मासा, आणि जोडीला एक वाटी कच्चं: कधी कोशिंबीर, कधी घोळाणा, कधी नुसती काकडी. गाजर आणि टोमॅटो दोन्ही तऱ्हांनी खा. तेलात शिजल्यावर त्यांतली रंगद्रव्यं शरीराला जास्त मिळतात. दिवसातून एक पेरू, संत्रं किंवा आवळा. महागडी परदेशी फळं लागत नाहीत.

एवढं करूनही फॉलिक ॲसिडची गोळी सोडू नका. ताटातल्या फोलेटची खात्री देता येत नाही, म्हणून गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायची शिफारस जगभर आहे. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, किंवा फिटची औषधं सुरू असतील, तर डोस वेगळा लागतो; तो डॉक्टरच ठरवतील.

आणि कच्च्या, निव्वळ वनस्पतींच्या आहाराचा तुमचा निश्चय श्रद्धेतून आलेला असेल, तर मी भांडणार नाही. पण मग आत्ताच दोघांनी हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या, थायरॉइडचंही विचारा. वजनाची आणि पाळीच्या तारखांची नोंद ठेवा. पाळी लांबायला लागली किंवा वजन उतरत राहिलं, तर वरण-भात, उसळ, भाकरी पुन्हा ताटात आणा. बी-१२ कमी निघालं तर ते भरून यायला काही महिने लागू शकतात. बाळाचं केव्हा ते ठरवताना तेवढे महिने हिशेबात धरा.