नाव तुझं, तर नोंद पण तुझ्याच नावावर

वेबसाईट कोण करून देईल हे विचारायच्या आधी नाव कोणतं घेऊ म्हणून विचारलंस, हे लै बरं केलंस. बाकी सगळं पुढं बदलता येतं गं. रंग बदलतो, फोटो बदलतात, साईट करून देणारा बदलतो. पण चटणीच्या पाकिटावर एकदा पत्ता छापला आणि लोकांच्या तोंडात बसला, की तो बदलला तर गिऱ्हाईक पुन्हा पहिल्यापासून जमवावं लागतं.

तू पाठवलेल्या नावांत 'माय' असलेलं नाव मला सगळ्यात आवडलं, आणि अडचण पण त्यातच आहे. नाव आपण मराठीत बोलतो, पत्ता मात्र इंग्रजी अक्षरांत टाईप होतो. एम-ए-वाय लिहिलंस तर लोक 'मे' वाचणार. एम-ए-ए-वाय लिहिलंस तर जन्मभर 'दोनदा ए बरं का' सांगत बसावं लागणार. 1996 साली सुरू झालेल्या 'मायबोली'नं पत्त्यात दोन ए घेतले आणि निभावून नेले, पण तिचा वाचक पत्ता डोळ्यांनी वाचून टाईप करणारा. तुझं गिऱ्हाईक आपल्या लातूरच्या गूळ मार्केटच्या गर्दीत उभं राहून फोनवर नाव ऐकणार. 'कुरडई'चं तर विचारूच नको. ती प्रत्येक घरात वेगळी लिहितात. ळ आणि ण इंग्रजीत धड उमटत नाहीत, व ला कुणी व्ही लावतं, कुणी डब्ल्यू.

म्हणून असं कर. नाव व्हॉइस मेसेजमध्ये एकदाच बोल, आणि माहेरच्या दोघीतिघींना, मामाच्या पोराला, तुझ्याकडून माल उचलणाऱ्या दुकानदाराला पाठव. 'इंग्रजीत टाईप करून पाठवा' एवढंच म्हण, स्पेलिंग सांगू नको. सगळ्यांचं सारखं आलं तर ते नाव घे. तीन तऱ्हा आल्या तर कितीही गोड असलं तरी सोड.

आपल्या नांदेडच्या विद्यापीठाचं बघ. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ एवढं मोठं नाव, आणि पत्ता एसआरटीएमयूएन डॉट एसी डॉट इन. पोरांना निकाल बघायचाच असतो, म्हणून ती सहा अक्षरं पाठ करतात. चटणीसाठी कुणी करणार नाही. तुला बोलता येणारा शब्द पाहिजे. मला विचारशील तर 'गोलाई' घेऊन काहीतरी बघ. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, लातूरचा माणूस पुण्यात असो की हैदराबादेत, हा शब्द ऐकला की थांबतो. जी-ओ-एल-ए-आय, चुकायला जागाच नाही. नुसतं 'गोलाई' मोकळं नसलं तर पुढं एखादा छोटा शब्द जोड. मध्ये आडवी रेघ मात्र घालू नको, ती बोलून सांगता येत नाही.

बोरसुरीच्या नावाचा मोह आवर. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीर या आपल्या लातूर जिल्ह्यातल्या तिन्ही जिनसांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे आता ती नावं तिथल्या पिकाची आणि तिथल्या शेतकऱ्यांची. तू डाळ तिथूनच घेत असशील, तरी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याशिवाय त्या नावाचं दुकान थाटू नये. दुसऱ्याच्या ब्रँडशी मिळतंजुळतं नाव पण नको. डोमेनला, म्हणजे साईटच्या या नावाला, व्यापारचिन्हासारखंच संरक्षण मिळतं, हे सुप्रीम कोर्टानं 2004 मध्ये सिफी कंपनीच्या खटल्यात सांगून ठेवलंय.

आता शेपटाचं बोलू. डॉट इन घे. 2005 पासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे, निक्सी नावाची आपली भारतीय संस्था ते सांभाळते, आणि तुझं गिऱ्हाईक इथलंच आहे. डॉट कॉम मोकळं असलं तर सोबत घेऊन ठेव. तू विचारलंस, शब्दच टिंबावर तोडला तर? 'मैत्रीण'मधला 'ईन' टिंबाच्या पुढं गेला की दिसायला लै देखणं. जगभर ही गंमत चालते. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमधलं 'डॉट मी' मॉन्टेनेग्रो देशाचं, यूट्यूबच्या छोट्या लिंकमधलं 'डॉट बी' बेल्जियमचं. पण फोनवर सांगताना टिंब कुठं येतं तेच समजावत बसशील. आणि परक्या देशाचं शेपूट घेतलं की कायदा पण त्यांचा. 2010 मध्ये लिबियानं 'डॉट एलवाय'वरचं एक चालतं नाव, मजकूर आमच्या कायद्यात बसत नाही म्हणून काढून घेतलं होतं. टिंबाची हौस करायचीच तर आपल्या डॉट इनवर कर, आणि ती पाटीवर लावायला ठेव.

देवनागरीत डॉट भारत पण मिळतं, ऑगस्ट 2014 पासून, आणि त्यात मराठी आहे. मला ते मनापासून आवडतं. आपल्या लिपीत आपला पत्ता, दोनदा ए लिहायची भानगडच नाही. पण देवनागरी ईमेल पत्ता अजून कितीतरी फॉर्म स्वीकारत नाहीत. म्हणून ते दुसरं नाव म्हणून घे आणि मुख्य नावाकडं वळवून ठेव.

आता जे सांगते ते नीट ऐक, बाकी विसरलीस तरी चालेल. नोंदणी तुझ्या स्वतःच्या खात्यातून, तुझ्या नावावर, तुझ्या मोबाईलवर, तुझ्या ईमेलवर. साईट करणारा पोरगा म्हणतो, 'ताई, तुम्ही कशाला त्रास घेता, मी माझ्या खात्यातून घेतो.' पोरगा चांगलाच असतो. पण उद्या त्याला पुण्यात नोकरी लागते, नंबर बदलतो, आणि नाव त्याच्या खात्यात अडकून पडतं. डोमेनची नोंद हा तुझा सातबारा आहे. शेतात घाम कुणी गाळला हे तिथं कुणी विचारत नाही, नाव कुणाचं ते बघतात. आपल्याकडच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. 1989-90 च्या सुमाराला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेला लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढावी लागली, तेव्हा कुठं गावोगावच्या पुरुषांनी थोडी जमीन बायकोच्या नावावर केली. ही नवी जमीन पहिल्या दिवसापासून तुझ्या नावावर घे. दाजींच्या नाही, दिराच्या नाही. त्यांना राग येईल म्हणून गप्प बसू नको.

ईमेल देताना एक ध्यानात ठेव: त्याच डोमेनवरचा देऊ नको. नाव बंद पडलं तर 'नाव बंद पडलं' हा मेल पण तुला मिळणार नाही. नोंदणीनंतर पडताळणीचा मेल येतो, त्यावरची लिंक दाब. डॉट कॉमसारख्या नावांना 15 दिवसांत ते केलं नाही तर पत्ता थांबवतात. ओळखपत्र मागितलं तर खरं दे, आणि खात्याला दुहेरी पडताळणी लाव.

पैशांचं म्हणशील तर पहिल्या वर्षाच्या जाहिरातीला भुलू नको, दुसऱ्या वर्षाचा दर आणि वरचा 18 टक्के जीएसटी बघ. मी तर म्हणते तीन-चार वर्षांचे एकदम भर, एका वेळी 10 वर्षांपर्यंत भरता येतात. आपोआप नूतनीकरण चालू ठेव, पण त्याच्यावरच विसंबू नको, कार्डाची मुदत संपलेली असते. मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी डिसेंबर 1999 मध्ये, ऐन नाताळात, एक डोमेन नूतनीकरण करायला विसरली आणि कितीतरी लोकांचं हॉटमेल उघडेना. शेवटी एका बाहेरच्या प्रोग्रामरनं स्वतःच्या खिशातून 35 डॉलर भरले. नाव नोंदवल्यावर 'तुमचं डोमेन संपतंय, इथं पैसे भरा' असे खोटे मेल पण येतात. मेलमधल्या लिंकवरून पैसे भरू नको, आपल्या खात्यात जाऊन तारीख बघ.

नाव साईटला जोडायच्या मांडणीला घाबरू नको. खात्यात डीएनएसचं पान उघडलं की ओळी दिसतात. पहिल्या रकान्यात ॲटचं चिन्ह म्हणजे नुसतं नाव, आणि 'डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू'ची ओळ वेगळी. नुसत्या नावासमोर ए नोंद, तीत साईट जिथं ठेवली तिथला आकडा. डब्ल्यूवाल्या ओळीत सीनेम, म्हणजे नुसत्या नावाकडं बोट दाखवणारी नोंद. लोक नवी ए नोंद घालतात आणि विकणाऱ्यानं आधीच ठेवलेली जुनी तशीच राहू देतात. मग साईट कधी उघडते, कधी जाहिरातीचं पान येतं, आणि दोन दिवस कुणाला काही उमगत नाही. जुनी ओळ काढ. एमएक्सच्या ओळी मेलच्या, त्यांना हात लावू नको. नेमसर्व्हर बदलायची वेळ आली तर आधी सगळ्या ओळींचा स्क्रीनशॉट घे, कारण एमएक्स नव्या जागी पुन्हा भरल्या नाहीत तर ऑर्डरचे मेल बंद. मेलसाठी एसपीएफची, म्हणजे तुझ्या नावानं मेल कोण पाठवू शकतं हे सांगणारी, टीएक्सटी ओळ एकच असू दे. दोन झाल्या की तपासणी फसते आणि तुझी उत्तरं स्पॅममध्ये जातात. बदल पसरायला काही तास लागतात, कधी एखाद-दोन दिवस. कुलूप दाखवणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर कशाचे ते विचार.

साईट लगेच होत नसली तरी नाव आजच घे आणि सध्या व्हॉट्सअ‍ॅपच्या कॅटलॉगकडं वळव. पुढं साईट झाली की वळण बदल, पाकिटावरचा पत्ता तोच राहील. आणि पाकिटं छापायला टाकायच्या आधी मला त्या नव्या पत्त्यावरून एक मेल पाठव. माझ्या इनबॉक्समध्ये आला की स्पॅममध्ये पडला ते कळवते, मगच छापखान्याला हो म्हण.